चिठ्ठीतली बाजू

मी कॉलेजात असताना वादविवाद जिंकायचे. पुण्यातल्या कॉलेजांना तेव्हा फिरत्या करंडकांचं वेड होतं, आणि आमच्या प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जेवढे करंडक होते त्यातले निम्मे माझ्यामुळे आले, असं मी अजूनही बेधडक सांगते. पद्धत ठरलेली असे. विषय आदल्या दिवशी कळायचा, पण बाजू व्यासपीठावर जायच्या आधी चिठ्ठी उचलून मिळायची. अनुकूल आली तर अनुकूल बोलायचं, प्रतिकूल आली तर प्रतिकूल. यंत्रांमुळे माणूस सुखी झाला की दुःखी, परीक्षा हव्यात की नकोत, मी दोन्हीकडून बोलले आहे आणि दोन्हीकडून टाळ्या घेतल्या आहेत. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारत नसे. ते घरी ठेवून यायचं.

हीच पद्धत मी न्यूझीलंडच्या टौरंगा शहरातल्या एका रेस्ट होममध्ये ब्रेक्झिटला लावायला गेले.

मी तिथे नर्स होते. मराठीत वृद्धाश्रम म्हटलं की लगेच डोळ्यांना पदर लावायची पद्धत आहे, तसं ते नव्हतं. हॉलच्या मोठ्या खिडकीतून बंदर दिसायचं, कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दिसायच्या, दुपारी स्कोन आणि जॅम मिळायचा. म्हातारी माणसं आनंदात असायची, निदान ब्रेक्झिट सुरू होईपर्यंत तरी. आमच्याकडे निम्मे लोक जन्मानं इंग्रज, उरलेले न्यूझीलंडचे, आणि ब्रिटननं युरोपच्या बाजारातून बाहेर पडावं की नाही यावर प्रत्येकाचं ठाम मत. बाहेर पडायचं हे ठरून तीन वर्षं झाली होती, पण निघणं काही होत नव्हतं. रोज नवी मुदत, रोज नवी धमकी, करार होणार की कराराशिवाय दार आपटून जाणार. हॉलमधल्या टीव्हीवर ते गुऱ्हाळ सकाळपासून चालू. रिमोटवरून हमरीतुमरी व्हायची. एका निवृत्त जहाज-इंजिनिअरनं एकदा मफिनचा अर्धा भाग पडद्यावरच्या खासदाराला मारला आणि तो मला पुसायला लागला.

या सगळ्यात एक जोडपं होतं. मी मनातल्या मनात त्यांना आजी-आजोबा म्हणत असे. तोंडावर तिथल्या रिवाजाप्रमाणे पहिल्या नावानं हाक मारायची, ते मला शेवटपर्यंत जड गेलं. आजी इंग्लंडच्या. तरुणपणी बोटीनं इकडे आल्या आणि मेंढ्या पाळणाऱ्या एका किवी, म्हणजे इथल्याच, माणसाशी लग्न करून बसल्या. आजोबांचा ब्रिटनवर जुना राग होता. त्यांच्या उमेदीच्या काळात ब्रिटन युरोपच्या बाजारात शिरलं आणि इथल्या कोकराच्या मांसाचं आणि लोण्याचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. "पोरांना टाकून दुसरं लग्न केलं त्यांनी," असं ते म्हणत. आजी लगेच टोमणा मारत, "आणि मग तू किवीफ्रूट लावलंस आणि त्याच युरोपला विकून नवी गाडी घेतलीस."

ही चेष्टा वरवरची होती, कारण खाली एक दुखणं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी स्पेनमध्ये राहायची. आईच्या नात्यानं मिळालेल्या ब्रिटिश पासपोर्टवर ती तरुणपणीच तिकडे गेली, तिथे छोटंसं घर घेतलं, मुलांना इंग्रजी शिकवायची लहानशी शाळा काढली. आता ब्रिटन कराराशिवाय बाहेर पडलं तर तिचा तिथे राहायचा हक्कच उडण्याची भीती होती. पन्नाशीतली एकटी बाई, सगळं आयुष्य टांगणीला. आणि मतदानाचा निकाल लागला त्या दिवशी आजोबा तिला फोनवर म्हणाले होते, "बरं झालं, जाऊ देत त्यांना." तेव्हापासून बाप-लेकीत विस्तव जात नव्हता. ती रविवारी संध्याकाळी सहाला आजींच्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल करायची, तिकडे तेव्हा सकाळ असायची. आजोबा हवेचं विचारायचे आणि टोपी घालून बाहेर जायचे. पुढचं सगळं बोलणं आजींशी.

ते बोलणं मी बऱ्याचदा ऐकलं आहे, कारण सहाला माझी आजींच्या गोळ्यांची वेळ असे. आजींचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, दोन पावलांत धाप लागायची. आम्ही रोज सकाळी त्यांचं वजन करून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या वाढवत होतो, आणि त्या गोळ्या आता किती दिवस पुरे पडणार हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. आजींनी तेव्हाच मला बजावलं, "मुलीला यातलं अक्षर कळता कामा नये. तिची लढाई चालू आहे, त्यात माझं ओझं नको." डोकं शाबूत असलेल्या पेशंटनं असं सांगितल्यावर नर्सला तोंड उघडता येत नाही. मी टॅब्लेटच्या मागे औषधांचा पेला धरून उभी राहायचे आणि आजी पडद्यात बघून सांगायच्या, "मी ठणठणीत आहे. तू तिथेच घट्ट राहा. वकील कर, कागद पुरे कर. इथे येऊन काय करणार तू?"

माझा तेव्हा संताप व्हायचा. कारण हे पाठांतर मला माहीत होतं. माझी आई पुण्याहून मला दर आठवड्याला हेच ऐकवायची, आणि ती बाथरूममध्ये पडल्याचं मला शेजारच्या वहिनींकडून कळायचं.

तर त्या वसंतात, इकडे तो ऑक्टोबरात असतो, खेळ-करमणुकीच्या ॲक्टिव्हिटी बघणारी बाई रजेवर होती, रविवारची संध्याकाळ मोकळी होती आणि हॉलमधली भांडणं अगदी ताटं आपटण्यापर्यंत आली होती. मॅनेजरबाई म्हणाल्या, टीव्ही बंद करा. मी म्हटलं, बंद कशाला, रीतसर वाद घालू. घरी हे सांगितलं तेव्हा नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "अगं, तू नर्स आहेस ना तिथे? ह्या लष्कराच्या भाकऱ्या कोणी सांगितल्यात?"

"स्लॉट मोकळा आहे संडेचा."

"मग हाउझी खेळा, आपला तंबोला. त्यात कुणी रडत नाही. हे बघ, हीप्स ऑफ ड्रामा होणार आहे, आणि मग तू मला सांगत बसणार."

"वादविवादात बाजू चिठ्ठीची असते," मी म्हटलं. "माणसं आपली मतं सोडून दुसऱ्याच्या तोंडानं बोलली की डोकी थंड होतात."

"पुण्यात होत असतील," तो म्हणाला.

मी चिठ्ठ्या केल्याच. चार वक्ते होते. इंजिनिअर, एक निवृत्त शिक्षिका, आजोबा आणि आजी. दोन चिठ्ठ्यांवर 'राहावं', दोनांवर 'निघावं'. इंजिनिअरला 'निघावं' आलं, तो सुखावला. शिक्षिकेला 'राहावं' आलं, तिनं आधीच टिपणं काढली होती. नेमके हे नवरा-बायको उलटे पडले. आजोबांच्या हातात 'राहावं' आणि आजींच्या हातात 'निघावं'.

आजींनी चिठ्ठी उघडी धरून ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. "हे मला बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, गंमत आहे ही," मी म्हटलं. "बाजू तुमची नाही, चिठ्ठीची आहे. कुणी तुम्हाला जबाबदार धरणार नाही."

"म्हणजे मी जे काही बोलेन ते माझं नाही?"

"अजिबात नाही."

त्यांनी ती चिठ्ठी घडी करून कार्डिगनच्या खिशात घातली आणि आणखी काही विचारलं नाही. मला वाटलं, समजूत पटली.

आजोबांचं वेगळंच चाललं होतं. रविवारी दुपारी ते मला औषधांच्या खोलीपाशी गाठून म्हणाले, "सहाला तिचा फोन येतोच. तू तो टॅब्लेट हॉलमध्ये पियानोवर लावशील का? मी काय बोलतो ते तिनं ऐकावं." म्हातारा तीन वर्षांचा अबोला सोडवायला निघाला होता आणि मी त्याला नाही म्हणणार नव्हते. "आजींना सांगितलंत ना?" मी विचारलं. "सांगतो," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही. आजींना वाटत होतं, कॉल आज कार्यक्रम झाल्यावर होणार आहे.

तिथली पाचची जेवणं आटोपून सगळे खुर्च्यांवर बसले. मी अध्यक्ष. पियानो आजींच्या पाठीमागे होता. मुलगी पडद्यावर आली तेव्हा मी तिचा आवाज इकडे बंद ठेवून तिला हातानंच थांबायची खूण केली. तिनं कॉफीचा कप वर करून हो म्हटलं.

इंजिनिअर आणि शिक्षिका जे रोज बोलायचे तेच बोलले, फक्त उभं राहून. दोघांना वेळेवर थांबवताना मला नाकी नऊ आले. मग आजोबा उठले. त्यांनी कागद आणला नव्हता. टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "ब्रिटननं राहावं. मी तीन वर्षं उलटं बोलत आलो. माझा राग जुना होता आणि तो मी चुकीच्या माणसावर काढला. माझी मुलगी तिथे राहते. तिचं घर जिथे आहे तिथलं दार उघडं राहावं, एवढंच मला म्हणायचं आहे." एवढं बोलून ते खाली बसले. पडद्यावर मुलीनं कप खाली ठेवला होता आणि ती दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. मला वाटलं, जिंकलो. इथेच कार्यक्रम संपवायला हवा होता असं नवरा नंतर म्हणाला, पण चौथा वक्ता राहिला असताना सभा संपवणं मला जन्मात जमलं नसतं. पडद्याचा आवाज तेवढा मी चालू केला, बाप-लेकीला नंतर लगेच बोलता यावं म्हणून.

आजी उभ्या राहिल्या. मी वॉकर पुढे केला, तो त्यांनी घट्ट धरला. सुरुवात ठीक होती. आपले कायदे आपण करावेत, आपल्या समुद्रातले मासे आपण धरावेत, टीव्हीवर ऐकलेलं सगळं त्या एकापुढे एक बोलल्या. मग श्वास घ्यायला थांबल्या. थांबणं लांबलं. मी उठायला लागले तेवढ्यात त्या पुढे बोलू लागल्या, आणि आवाज बदलला होता.

"सगळे म्हणतात, ब्रिटन असंच निघालं तर तिथल्या आपल्या माणसांना घरी परतावं लागेल. लागू दे. मी रोज सकाळी बातम्या लावते आणि मनात म्हणते, आज तुटू दे. काल तुटलं नाही, आज तरी तुटू दे. एखाद्या साहेबानं खिडकीमागून तिचा पासपोर्ट बघावा आणि सांगावं, बाई, तुमची मुदत संपली, आपल्या घरी जा. तिचं घर जाईल, शाळा जाईल, अंगणातलं लिंबाचं झाड जाईल. मला सगळं माहीत आहे. तरी मी तेच म्हणते. मी तिला ये म्हणू शकत नाही. ते तोंड मला नाही. म्हणून मला वाटतं, एखाद्या देशानं म्हणावं."

 इंजिनिअरला फक्त एवढंच कळलं की आपल्या बाजूचं भाषण झालं. त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या, आजूबाजूला पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. आजोबा बायकोकडे असे बघत होते जणू ही बाई त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. आजींनी ते भांडं इतकी वर्षं इतकं छान लपवलं होतं की मलासुद्धा, रोज त्यांच्या शेजारी उभं राहून, ते दिसलं नव्हतं.

"मम," मागून पडदा म्हणाला.

आजी वळल्या. वॉकरसकट पूर्ण वळायला त्यांना वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती चिडली आहे की रडते आहे ते मला कळेना.

"मला कुणी हाकलायची वाट कशाला बघतेस?" ती म्हणाली. ती इंग्रजीतच म्हणाली, पण माझ्या आठवणीत ती मराठीतच बोलते. "मला बोलव ना. सरळ बोलव."

आणि आजी हसल्या. ते हसू मी कधी विसरणार नाही, इतकं ते सराईत होतं. "अगं, ते खरं नव्हतं. वादविवाद चाललाय आमचा. मला चिठ्ठीत ती बाजू आली होती, ही बघ." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून पडद्यापुढे धरली. "तू तिथेच राहा. मी ठणठणीत आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांग ना तिला. तूच दिलीस ना ही बाजू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणायला काही लागत नव्हतं. हो हे खरंही होतं. ती माझी पेशंट होती, तिनं मला बजावलं होतं, आणि तिच्या नजरेत आत्ता सरळ हुकूम होता.  एका क्षणी मला त्या म्हातारीचा राग आला, तिच्या मुलीचा आला, आणि हजारो मैलांवर बसून ठणठणीत असणाऱ्या सगळ्या आयांचा आला.

"बाजू मीच दिली होती," मी म्हटलं. "पण मी उभी हयात चिठ्ठीवरची भाषणं केली आहेत. चिठ्ठीचं भाषण कसं असतं ते मला कळतं. हे ते नव्हतं."

तब्येतीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तशी वेळ आली नाही. मुलीनंच विचारलं, "तू खरंच ठणठणीत आहेस?" आजी म्हणाल्या, "हो." आणि शेजारून आजोबा म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी मला खोलीत बोलावलं. तुम्ही नर्स आहात, परीक्षक नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. आजींनी तर मला तोडूनच टाकलं. माझ्या हातून त्या गोळ्या घेईनात, मी खोलीत गेले की खिडकीकडे तोंड करत, दुसरी नर्स येईपर्यंत सुजलेले पाय कुणाला बघू देत नसत. घरी मी रडले. नवऱ्यानं मी सांगितलं होतं ना असं म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते. पण मला अजूनही विचारलंत तर मी तेच बोलेन.

मुलगी आली. एवढ्या घाईत शाळा चालवायला घेणारं कुणी मिळेना, तेव्हा तिनं ती बंदच केली, घर पडेल त्या भावानं विकलं आणि ख्रिसमसच्या आधी दोन बॅगा घेऊन टौरंगाच्या उन्हात उतरली. ती खोलीत शिरली तेव्हा मी दारातच होते. आजींचं पहिलं वाक्य होतं, "कशाला आलीस? आता पुढे काय करशील?"  मुलगी बॅगा दारात सोडून पलंगाच्या कडेला बसली आणि आजोबा लगबगीनं चहा सांगायला गेले.

उन्हाळा भरात आला आणि तिकडे ब्रिटन एकदाचं निघालं, पण करार करून निघालं. युरोपात आधीपासून राहणाऱ्या ब्रिटिशांना राहू द्यायचं ठरलं. टीव्हीवर ते नीट समजावून सांगत होते. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी मफिन फेकलं नाही. आजींनी ती बातमी पूर्ण ऐकली, आणि मला खोलीत नेऊन सोड म्हणून दुसऱ्या नर्सला सांगितलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाकीच्या नर्स कामात होत्या आणि आजींचा ऑक्सिजन बघायला मलाच जावं लागलं. मुलगी पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत झोपली होती, पायातल्या रबरी चपला अर्ध्या सुटलेल्या, तोंड किंचित उघडं. तिचा हात पांघरुणावर होता आणि आजींनी तो मनगटाशी धरून ठेवला होता. मी नळी नीट केली, बोटाला यंत्र लावलं, आकडे बघितले. आकडे चांगले नव्हते.

"कुणी हाकललं नसतं तिला," आजी हळूच म्हणाल्या. त्या रविवारनंतर त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या. "ती तिथे राहू शकली असती. तू माझ्या मुलीचं घर मोडलंस."

माझ्याकडे उत्तरं होती, त्यातली दोन-तीन चांगलीही होती. मी म्हटलं, "हो. मोडलं."

त्यांनी मान हलवली. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघू लागल्या, आणि मी दाराशी पोहोचले तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं.

"पडदा ओढ जरा," त्या म्हणाल्या. "तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय. मी उठले तर हात सोडावा लागेल."